अमळनेर–चोपडा, रात्री दोन वाजता

"गाडीले बी युरिया लागस का मॅडम?"

मागच्या पावसाळ्यात धुळे रस्त्यावरच्या पंपावर एका काकांनी मला हे विचारलं. पंपावरचा मुलगा माझ्या गाडीत कॅनमधून युरिया ओतत होता. काका सकाळपासून दोन गोण्यांसाठी कृषी केंद्राच्या रांगेत उभे राहून रिकाम्या हातांनी परत निघाले होते. कपाशी पिवळी पडायला लागली होती आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एका गाडीला युरिया पाजला जात होता. मी खाली उतरले आणि त्यांना समजावून सांगितलं. हा शेतातला दाणेदार युरिया नाही. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया विरघळवलेला असतो. तो डिझेलमध्ये मिसळत नाही, वेगळ्या टाकीत राहतो आणि धुराच्या वाटेवर फवारला जातो. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो, आणि तो अमोनिया नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडचं साध्या नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करतो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे हवासाठे?" मी हो म्हटलं. "मंग चांगलं शे," म्हणाले आणि मोटरसायकलला किक मारून गेले.

एरवी माझ्या या छोट्या पण महागड्या एसयूव्हीबद्दल लोक तीनच प्रश्न विचारतात. कितलाले पडनी? एवरेज काय देस? आणि तिसरा, बहुतेक नातेवाइकांकडून येणारा: अमळनेरला एवढी गाडी कशाला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एका वाक्यात होतात. तिसऱ्याचं होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. स्वतःचं हॉस्पिटल नाही. तालुक्याच्या गावांत आमच्यातले बरेच जण असंच काम करतात. सर्जनचा किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांचा फोन आला की बॅग उचलायची आणि निघायचं. पारोळा, धरणगाव, एरंडोल, चोपडा, आणि अर्थातच गावातली चार-पाच हॉस्पिटलं. महिन्याला साधारण २,००० किलोमीटर होतात. आधीची सेडान ९ वर्षं चालवली. गाडी गुणी होती, पण बसायला खाली आणि पोटाला खाली. आपल्याकडच्या खेड्यांतले गतिरोधक रातोरात उगवतात, त्यांना ना पांढरे पट्टे असतात ना फलक. दर वेळी खालून खर्रर्र आवाज यायचा आणि माझ्या कमरेतून एक कळ जायची. शेवटच्या दोन वर्षांत तर चोपड्याहून परत आले की मला आधी दहा मिनिटं जमिनीवर पाठ टेकून पडावं लागायचं.

२०२३च्या दसऱ्याला नाशिकहून ही गाडी आणली. बीएमडब्ल्यू एक्स१, ऑडी क्यू३, मर्सिडीज जीएलए, व्होल्वो एक्ससी४० या पंगतीतली एक. कोणती ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच या वर्गातल्या कुठल्याही गाडीला लागू पडतील. तीन वर्षं वापरलेली, डिझेल, ऑटोमॅटिक, मीटरवर ३१,००० किलोमीटर. २७ लाख मोजले. नवी घेतली असती तर पन्नासच्या घरात गेली असती आणि तेवढे पैसे गाडीत घालणं मला पटलं नसतं. आज मीटर ८३,००० दाखवतोय. हमरस्त्यावर १७-१८चा एवरेज, गावात ११. झाली पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं.

आता रात्रीचं सांगते.

फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा एक ते तीनच्या मधली वेळ असते. "मॅडम, अडलंय. सिझर करावं लागेल." चोपडा माझ्या घरापासून तीसेक किलोमीटर. पुस्तकात लिहिलंय की आई किंवा बाळाच्या जिवाला धोका असेल, तर निर्णय झाल्यापासून तीस मिनिटांत बाळ बाहेर यायला हवं. हा रस्ता त्या तीस मिनिटांत बसत नाही. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ शंका आली की लगेच फोन करतात, मी निघते आणि तिकडे रक्त, सलाईन, ऑपरेशन थिएटर तयार होत राहतं. पूर्वी मी हा रस्ता जीव मुठीत धरून पळवायचे. एकदा शांतपणे हिशेब केला. सरासरी ५०ने गेले तर ३६ मिनिटं, ६०ने गेले तर ३०. जीव धोक्यात घालून वाचतात सहा मिनिटं. आणि पोहोचल्यावर माझे हात थरथरत असले, तर त्यातली चार मी पाठीच्या कण्यात सुई घालताना परत घालवणार. आमची २५ गेजची सुई केसासारखी बारीक असते. तिला घाईतून आलेला हात चालत नाही.

म्हणून मी या गाडीची परीक्षा एकाच गोष्टीवर करते: उतरल्यावर माझा हात कसा आहे? आणि या परीक्षेत तिने मला एकदाही निराश केलेलं नाही. सीट मांड्यांना पुढपर्यंत आधार देते, कमरेच्या मागचा फुगवटा हवा तसा कमी-जास्त करता येतो. खड्डा येतो तेव्हा एकच दबका धक्का बसतो आणि गाडी लगेच स्थिर होते, झोके घेत राहत नाही. आतली शांतता तर मला सगळ्यात मोलाची वाटते. जुन्या गाडीत ८०च्या वर टायरचा इतका आवाज यायचा की फोनवर स्त्रीरोगतज्ज्ञांना "हिमोग्लोबिन किती?" दोनदा विचारावं लागे. आता मी वाटेतच पेशंटची सगळी माहिती नीट ऐकून घेते. तापीचा पूल येईपर्यंत कुठलं औषध, किती डोस, हे मनात ठरलेलं असतं.

दुसरं दिव्यांचं. या गाडीला मॅट्रिक्स हेडलाइट आहेत. एकेका दिव्यात बरेच छोटे एलईडी असतात आणि काचेवरचा कॅमेरा समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे ओळखून तेवढ्याच भागातला उजेड कापतो. बाकी रस्ता अपरवरच, म्हणजे लांबच्या उजेडातच राहतो. हप्ता भरताना ही चैन वाटली होती, पण आता दिव्यांसाठी मी बाकीच्या दहा सोयी सोडून देईन. कारण आमच्या रस्त्यावर खरी भीती समोरच्या ट्रकची नसते. ती असते उसाच्या आणि कापसाच्या ट्रॉल्यांची. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने किंवा चोथ्याने झाकलेला. समोरून ट्रक आला की आपण डिपर देतो, म्हणजे उजेड खाली घेतो, आणि नेमकं त्याच क्षणी पुढची ट्रॉली अंधारात गडप होते. या दिव्यांत ट्रकवाल्याच्या डोळ्यांवर उजेड जात नाही आणि माझ्या बाजूची ट्रॉली उजळलेलीच राहते. दोन हिवाळ्यांत अशा तीन ट्रॉल्या मला वेळेवर दिसल्या. जुन्या गाडीत त्या दिसल्या असत्या की नाही, याचा विचार मी फार करत नाही.

या दिव्यांचा एक दोष मात्र सांगायलाच हवा. त्यांना दिवे कळतात, माणसं कळत नाहीत. चैत्रात खानदेशातून हजारो पदयात्री सप्तशृंगी गडाकडे चालत निघतात. उन्हामुळे ते रात्री चालतात. भगवे झेंडे, डीजेचा टेम्पो, कडेवर लेकरं. त्यांच्या हातात टॉर्च नसतो, म्हणून कॅमेऱ्याला रस्ता रिकामा दिसतो आणि सगळा उजेड त्यांच्या डोळ्यांत जातो. पहिल्या वर्षी एका बाईंनी पदराने डोळे झाकलेले मी पाहिले आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून चैत्र पौर्णिमेच्या आधीचे पंधरा दिवस मी ऑटोमॅटिक दिवे बंद ठेवते आणि हाताने डिपर देते. अशी गाडी कोणाकडे असेल तर कृपा करून तुम्हीही तसंच करा.

कॅमेरा आणि रडारवरची मदत अर्धीच कामाची. पट्ट्यात राहायला लावणारी यंत्रणा मी पहिल्या आठवड्यातच बंद केली, कारण आमच्या रस्त्यांवर पट्टे जागोजागी पुसलेले असतात आणि स्टिअरिंग मध्येच हाताशी भांडायला लागतं. आपोआप लागणारा ब्रेक मात्र ठेवलाय. एकदा धरणगाव रस्त्यावर मोटरसायकलवाल्याने कट मारला, गाडीने माझ्या आधी ब्रेक दाबला आणि मागचा केळीचा पिकअप थोडक्यात थांबला. त्या ड्रायव्हरदादांनी मला चार शब्द सुनावले. त्यांच्या जागी मी असते तरी सुनावले असते. तेव्हापासून मागचं वाहन जवळ असलं की मीच पुढे जास्त अंतर सोडते, म्हणजे गाडीला असा घाईचा निर्णय घ्यावाच लागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पुढच्या सेन्सरवर बसतो आणि पडद्यावर सूचना येते. डिकीत ओलं फडकं ठेवलंय, पुसलं की परत चालू.

उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. या गाडीला वर काचेचं छप्पर आहे आणि आतला रंग काळा. खानदेशात काचेचं छप्पर कोणी मुद्दाम मागून घेऊ नये. वापरलेली गाडी घेताना निवड नसते, म्हणून आलं. आतला पडदा एप्रिल ते जून मी उघडतच नाही. गाडी उन्हात उभी असली तर आधी चारही काचा खाली करून मिनिटभर गरम हवा जाऊ द्यायची, मग एसी. थेट एसी लावला तर तो बिचारा त्या साठलेल्या वाफेशीच झगडत बसतो. एसी जोरकस आहे, मागेही वेगळे झरोके आहेत, सासूबाई मागे बसतात तेव्हा त्यांना पुढच्याइतकंच गार लागतं.

पण माझ्यापुढे माणसांहून अवघड प्रश्न औषधांचा होता. सक्सिनिलकोलिन, अ‍ॅट्राक्युरियम ही स्नायू सैल करणारी औषधं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. पूर्वी थर्मासमध्ये बर्फ घेऊन फिरायचे आणि दर दोन तासांनी कुठल्या तरी हॉस्पिटलच्या फ्रीजची आर्जवं करायचे. या गाडीच्या डिकीत १२ व्होल्टचा सॉकेट आहे. त्यावर चालणारा छोटा फ्रीज घेतला, पट्ट्याने बांधला, आत थर्मामीटर टाकला. गाडी चालू असेपर्यंत तो ५-६ अंशांवर राहतो, आणि गाडी उभी केली की डबा बरोबर आत न्यायचा. हा नियम मी कधीच मोडत नाही. लॅरिंगोस्कोप, ट्यूब, पल्स ऑक्सिमीटर यांची बॅग त्याच्याच शेजारी. दिसायला बुटकी डिकी, पण हे सगळं बसून वर एक सुटकेस मावते.

टायरच्या हवेची गोष्टही उन्हाशीच जोडलेली आहे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की टायरमधला दाब एक पीएसआयने वाढतो. सकाळी गार टायरमध्ये ३३ भरलेली असते, दुपारी पारोळ्याहून येताना पडदा ३८ दाखवतो. पहिल्या उन्हाळ्यात मी घाबरून हवा काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर कमी हवेवर निघाला. कंपनीने सांगितलेला आकडा गार टायरचा असतो, तापल्यावरची वाढ त्यात धरलेलीच असते. आता रविवारी सकाळी, गाडी हलवायच्या आधी घरच्या पंपाने तपासते.

आणि मोठी तक्रारही टायरचीच. गाडीत स्टेपनी नाही. रनफ्लॅट टायर आहेत. त्यांची बाजूची भिंत इतकी जाड असते की हवा गेली तरी ताशी ८०च्या आत, साधारण ८० किलोमीटर जाता येतं. २०२४च्या ऑगस्टमध्ये पारोळा रस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचा डावा टायर कडेला फाटला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मी एकटीच होते. पडद्यावर सूचना आली, मी वेग कमी केला आणि गाडी मला घरापर्यंत घेऊन आली. अंधारात, पावसात, रस्त्याच्या कडेला जॅक लावायची वेळ आली नाही. एकट्या बाईसाठी ही गोष्ट किती मोठी आहे ते मला शब्दांत सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र दुसरी बाजू कळली. भिंत फाटली की पंक्चर निघत नाही, टायरच बदलावा लागतो. त्या मापाचा रनफ्लॅट जळगावला नव्हता, धुळ्यालाही नव्हता. पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीत तिसऱ्या दिवशी आला, २३,००० रुपये. ते तीन दिवस मी भाचीच्या हॅचबॅकने केसेस केल्या. आता त्याच मापाचा एक टायर मी घरी आणून ठेवलाय. गोदामात केळीच्या खताच्या गोण्यांशेजारी कापडात गुंडाळून उभा आहे. अशी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: गाडीच्या किमतीतच पाचव्या टायरचे पैसे धरा.

डिझेलच्या नव्या गाड्यांना आणखी एक पथ्य असतं. धुरातली काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ. ती भरली की गाडी स्वतःच इंजिन जास्त तापवून काजळी जाळते, पण त्यासाठी तिला सलग पंधरा-वीस मिनिटं मोकळा रस्ता लागतो. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्यांची जाळी तुंबते आणि मग शोरूमच्या वाऱ्या सुरू होतात. माझ्या चोपड्याच्या फेऱ्या हाच तिचा व्यायाम. एखाद्या आठवड्यात सगळ्या केसेस गावातच असल्या, तर मी शनिवारी मुद्दाम धुळ्यापर्यंत जाऊन येते. ज्याचं फिरणं फक्त गावातलं आहे त्याने पेट्रोलच घ्यावी, मी स्पष्ट सांगेन. युरियाच्या बाबतीत माझी एक चूक झाली: स्वस्त मिळाला म्हणून चार कॅन आणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले. उन्हात हे द्रावण लवकर खराब होतं. दोन कॅन फेकावे लागले, आणि तेव्हा ते पंपावरचे काका आठवून जास्तच लागलं.

सर्व्हिसिंगसाठी नाशिक. वर्षातून एकदा, नाहीतर १५,००० किलोमीटरला. जायचा-यायचा दिवसच मोडतो. एका सर्व्हिसिंगला मला फोन आला की पुढचे ब्रेक पॅड संपलेत, लगेच बदलावे लागतील, आणि आकडा सांगितला. मी नको म्हटलं. घरी आल्यावर आमच्या मिस्त्रींनी चाक खोलून मोजलं. सहा मिलिमीटर शिल्लक होते, म्हणजे निदान वर्षभराची चाल. मिस्त्री माझ्या जुन्या गाडीपासूनचे. ही गाडी घेतली तेव्हा म्हणाले होते, "ताई, हिले हात लावाले भ्याव वाटस." पण मग त्यांनी स्वतःच्या पैशाने स्कॅनर घेतला, मोबाइलवर रात्री-रात्री शिकले. आता एसीचा फिल्टर, वायपर, बॅटरी, ब्रेक हे सगळं तेच बघतात. जिनिंगचा हंगाम सुरू झाला की कापसाचे तंतू पुढच्या जाळीतून एसीच्या कंडेन्सरवर चिकटतात. हे नाशिकच्या कोणालाही सुचलं नव्हतं, मिस्त्रींना सुचलं. दर डिसेंबरात ते हलक्या हवेने फुंकून काढतात आणि एसी पुन्हा पहिल्यासारखा गार होतो. एवढं मन लावून काम करणारा माणूस गावात आहे, म्हणून ही गाडी गावात टिकली आहे. शोरूम जवळ असतं तरी मी मिस्त्रींना सोडलं नसतं.

घरच्यांचंही सांगायला हवं. सासूबाईंचे गुडघे गेलेत. सेडानमध्ये बसताना त्यांना धरून खाली उतरवावं लागे, दिराच्या मोठ्या एसयूव्हीत पायरीवर चढवावं लागे. या गाडीच्या सीटची उंची बरोबर त्यांच्या कमरेइतकी येते. दार उघडलं की त्या पाठमोऱ्या टेकतात आणि पाय आत घेतात, कोणाचा हात लागत नाही. मंगळवारी मंगळग्रह मंदिराकडे गर्दी असते, तिथेही साडेचार मीटरच्या आतली ही गाडी कुठेतरी बसते, आणि वरून दिसणारा कॅमेरा भिंतीपासूनचं वीतभर अंतरही दाखवतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी शहाद्याला जाते, हीच घेऊन. बेटावद, शिंदखेडा, दोंडाईचा. येताना आईने नंदुरबारच्या मिरचीचं अर्धं पोतं डिकीत टाकलं. दोन आठवडे गाडीत बसलं की शिंका. औषधांचा फ्रीज पुसून-पुसून घेतला, गालिचा उन्हात टाकला, शेवटी वास गेला. वर्षभराचं तिखट मात्र त्याच मिरचीचं झालं, आणि पुढच्या आखाजीला मी मोठा झाकणाचा डबा घेऊन जाणार आहे.

गेल्या आठवड्यात चोपड्याला पुन्हा रात्री जाणं झालं. थंडी होती, तापीच्या दोन्ही काठांवर धुकं इतकं की ३०च्या वर जाताच येईना. धुक्यात अपर दिवे कामाचे नसतात, सगळा उजेड परत डोळ्यांवर येतो, म्हणून डिपर आणि खालचे फॉग लॅम्प. ५० मिनिटं लागली. पोहोचले, हात धुतले, सुई पहिल्याच वेळी बरोबर जागी गेली. मुलगी झाली, अडीच किलोची. बाहेर तिच्या आजोबांनी मला चहा पाजला आणि गाडीकडे बघत विचारलं, "कितलाले पडनी?" मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "येळवर उनी ना, बस."

परत येताना पुढच्या डाव्या बाजूने गतिरोधकावर ठक असा बारीक आवाज यायला लागलाय. मिस्त्री म्हणतात, कंट्रोल आर्मचा, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याचा, रबरी बुश आहे, नव्वद हजार किलोमीटरपर्यंत ओढेल, पण त्याच्या पुढे नको. मी माल मागवायला सांगितलंय. चैत्रात रस्ते पदयात्रींनी भरायच्या आधी ते काम उरकायचं आहे.